साडूच्या होडीला पाडलेली दोन भोकं

साडू हे नातं ज्याने कोणी शोधून काढलं, त्याला माझा कोपरापासून नमस्कार. भाऊ असता तर भांडून मोकळा झालो असतो. मित्र असता तर बोलणं टाकलं असतं. साडूशी यातलं काहीच करता येत नाही. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांचा सासरा एकच, आणि सणावाराला दोघांची पानं शेजारी शेजारी मांडलेली. जेवताना नजर आपल्या पानावर कमी आणि त्याच्या पानावर जास्त.

माझं मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे फायबरचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर आणि पुढची मोकळी जागा. पाण्याच्या टाक्या, जीपचे टप, बागेतल्या खुर्च्या, गणपतीच्या मखराचे साचे, जे सांगाल ते. नव्वदच्या सुमाराला एका कारखान्यात हे काम शिकलो आणि पुढे स्वतःचं शटर उघडलं. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन फिरवायचं, सुकलं की घासायचं. घासताना जी धूळ उडते ती अंगाला अशी खाजते की माणूस आंघोळ करून करून थकतो. माझी बायको म्हणायची, "तुमाला मिठी मारायची म्हणजे खाजकुयरीच्या वेलाला मारायची." तिचंही काही खोटं नव्हतं.

मला बाप आठवत नाही. मी रांगत असतानाच तो गेला. त्यामुळे लग्न झालं तेव्हा बायकोच्या आधी मला सासरा आवडला, हे मी तिलाही सांगितलेलं आहे. ते शहापूरकडच्या शेणवे गावचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. उंच, काटक, बोलणं कमी. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं, म्हणून ते तिथे येऊन राहिलेले. तरुणपणी भातकापणी उरकली की ते स्टेशनवर टांगा हाकायचे. काळी घोडी होती म्हणे. मुलगा नाही, दोन मुली. थोरली माझी.

दुकान उघडलं त्या दिवशी मामा एसटीने मुरबाडला आले. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली एक नाल होती, त्या काळ्या घोडीची. मी म्हटलं, "द्या, मी ठोकतो." ऐकतात कुठले. स्वतः स्टुलावर चढले, शटरच्या वरच्या लाकडी पट्टीवर नाल धरली आणि एकेक खिळा मोजून मापून मारला. खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "कोनाची नजर नाय लागायची आता." त्या दिवसापासून रोज सकाळी शटर वर करताना मी त्या नालेकडे बघायचो. बाकीच्या दुकानांवर लिंबू-मिरची लटकायची. माझ्या दुकानावर मामांची नाल होती. ती एकच होती आणि ती मला दिली होती, यातच सगळं आलं.

एक गोष्ट मात्र मला टोचायची. मामा मला "तुमी" म्हणायचे. "तुमी बसा. तुमी च्या घ्या." जावयाला मान द्यायचा असतो, मला कळत नव्हतं असं नाही. पण बाप कधी लेकाला "तुमी" म्हणतो का?

पाचसहा वर्षांनी धाकटीचं लग्न झालं आणि हे महाशय आले. शहापूरकडे धरणाच्या पाण्यालगत मुंबईच्या एका शेठचा बंगला होता, तिथे साडू राखणदार. बोलका, हसरा, कोणाच्याही घरात शिरून तांब्या उचलून पाणी पिणारा. पहिल्याच दिवाळीला मामा त्याला म्हणाले, "ए, इकडं ये रे, जरा ही फळी धर." मी खुर्चीवर बसलेलो. माझ्या हातात चहाची बशी आणि डोळ्यासमोर तो, फळी धरून मामांच्या खांद्याला खांदा लावून उभा. सात वर्षांचा जावई मी, आणि मला आजपर्यंत कोणी फळी धरायला बोलावलं नव्हतं. त्या चहाला चवच नव्हती.

मग हेच चालू झालं. पावसाच्या आधी कौलं चाळायची, बोलवा त्याला. मामांचे गुडघे धरले, डॉक्टरकडे कोण नेणार, तो. मी महिन्यातून एकदा पेढ्यांचा पुडा घेऊन जायचो, पंख्यासमोरच्या खुर्चीवर बसायचो आणि पाहुण्यासारखा परत यायचो. बायको म्हणायची, "तो जवळ राहतो म्हणून करतो, त्यात जळायचं काय?" मी म्हणायचो, "कोण जळतंय?" आणि रात्री कूस बदलत राहायचो.

त्यात ती होडी आली. दोन हजार साल उलटून सहासात वर्षं झाली असतील, नवे नवे मोबाइल हातात आलेले. शेठच्या मुलांनी हौसेने शिडाची छोटी होडी आणली होती. पांढरी, कडेने लाल पट्टा, तीन माणसं कशीबशी बसतील एवढी. मुलं शिकायला परदेशी गेली आणि शेठ साडूला म्हणाले, तूच वापर, तूच सांभाळ. पोरांच्या संगतीने तो शीड ओढायला शिकलाच होता. एक दिवस त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. शीड फुगलंय, मेव्हणी पुढे बसलीय, पदर उडतोय. माझी बायको फोटोकडे बघतच राहिली. "बघा तरी, कशी राणीसारखी बसल्येय."

होडी फायबरची होती. हे मला जास्त झोंबलं. पंधरा वर्षं मी फायबर श्वासात घेतलं, फायबर खाजवलं, आणि माझ्या हातून काय बनलं, तर लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या. आणि या गड्याला मॅट आणि गोणपाट यातला फरक कळत नाही, तो फायबरच्या होडीत बायकोला फिरवतोय! देवाने काय हिशेब लावला होता कोण जाणे.

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांची चंगळ. मामांनी दोघांनाही जेवायला बोलावलं. ऐन उन्हाळा, अंगणात मांडव घातलेला, सासूबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते. त्यातही माझं लक्ष वाढणाऱ्या हाताकडेच. आधी मला वाढलं, मोठा जावई म्हणून. पण तूप? तूप त्याच्या पानात जास्त पडलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

जेवणं झाली, ताम्हनात दिवा लावून वाण दिलं, आणि मामा भिंतीला टेकून बसले. एकदम म्हणाले, "मला एकदा जुन्या गावाला जायचं हाय."

सासूबाईंचा हात सुपारी कातरता कातरता थांबला.

जुनं गाव वर्षातले नऊदहा महिने पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा उंचवटा तेवढा वर येतो, पण चारी बाजूंनी पाणी असतंच. मासे पकडणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तिथवर जातात. तराफ्यावर उकिडवं बसावं लागतं आणि मामांचे गुडघे तर खुर्चीवरून उठतानाही वाजायचे. ते म्हणाले, "पाऊस पडायच्या आत. फुडल्या उन्हाळ्याला पाय चालतील, नाय चालतील, कोनी सांगावं?"

मी तोंड उघडेपर्यंत साडू बोललासुद्धा. "मामा, मी नेतो ना! होडी हाय आपली."

आपली! शेठची होडी आणि म्हणे आपली. मामांनी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला कधी मिळाली नव्हती. मी सुपारी तोंडात टाकली आणि दाताखाली कचकन फोडली.

पण देव आहे. साडू खाली मान घालून म्हणाला, "फक्त ती जरा जड झालीय. पाण्यात बसते. दोन माणसं बसली तरी काठ पाण्याला लागतो." मामा माझ्याकडे वळले. "तुमच्याकडं आणू दे का त्याला? फायबर तुमाला कळतं."

खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. होडी त्याची असेल, पण आता ती माझ्या दुकानात येणार होती. मामांना जुन्या गावाला कोण नेणार, याचा निकाल माझ्या हातात आला होता.

टेम्पोत घालून होडी मुरबाडला आली तेव्हा आजूबाजूचे सगळे दुकानदार बघायला जमले. उतरवायला सहा माणसं लागली. एवढीशी होडी, दोघांनी सहज उचलायला हवी. मी तिच्याभोवती एक फेरी मारली. बाहेरून तळ चांगला, कुठे चीर नाही. खिशातून रुपया काढला आणि ठोकत गेलो. मागे टणटण. पुढे नाकाकडे गेलो तसा आवाज बद्द यायला लागला.

"पोटात पाणी आहे हिच्या," मी म्हटलं.

साडू म्हणाला, "पोटात कसं? वरून तर कुठं भोक नाय."

त्याला समजावून सांगावं लागलं. असली होडी म्हणजे करंजी. खालची पारी तळाची, वरची पारी बसायच्या जागेची, कडेने दोन्ही चिकटवलेल्या. मधे हवा आणि थोडा फोम, म्हणून ती तरंगते. त्या पोकळीत पाणी शिरलं की बाहेर यायला वाट नाही. फोम पाणी पिऊन बसतो आणि होडी जड होत जाते. बाहेरून कितीही लिंपा, आतलं दुखणं तसंच.

"मग काय करायचं?"

"भोकं पाडायची."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दादा, आदीच गळतंय, त्यात तुमी आजून भोकं पाडनार?"

"पोट फाडल्याशिवाय डॉक्टरला आतलं दिसतं का?"

"शेठ मला हाकलतील हो!"

मी टाकीची दोन झाकणं आणून त्याच्यापुढे ठेवली. आट्याची, फिरवून घट्ट बसणारी, आत रबराची रिंग. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक ठेवतो आम्ही, ही मुद्दाम बिनभोकाची निवडली. एक भोक पुढे, एक मागे, हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढं. पाणी काढायचं, ओला फोम खरवडून काढायचा, दोन्ही भोकांतून वारा खेळवून आतून सुकवायचं, कुठून गळतंय ते बघून आतल्या बाजूने मॅट लावायची, आणि मग झाकणं लावून टाकायची. पुढे कधी पाणी शिरलंच तर झाकण फिरवलं की हात आत.

"करा मग," तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी पेन्सिलने गोल आखला, तोंडाला फडकं बांधलं आणि कटर लावला. पांढऱ्या धुळीचा लोट उठला. ती पांढरीशुभ्र, लाल पट्ट्याची, राणी बसवणारी होडी, आणि मी तिला गोल कापतोय. मला फार बरं वाटलं. चकती निघाली आणि आतून कुबट वास आला, साठलेल्या पाण्याचा. मागचं भोक पाडून होडी तिरकी केली, तर पाणी असं आलं की समोरच्या पानवाल्याने ओरडून विचारलं, "टाकी फुटली का रे?"

पुढचे काही दिवस साडू माझ्याकडेच राहिला. ओला फोम आम्ही दोघांनी मुठीमुठीने काढला. दोघांचेही हात कोपरापर्यंत लाल झाले, दोघंही खाजवत जेवायला बसायचो. बायको म्हणाली, "आता कसे दोघं सख्खे भाऊ शोभता." मी खाजवतच राहिलो. तो मात्र हसला, त्याला कशाचंच काही वाटत नाही. मुरबाडचं ऊन मागच्या भोकातून, टेबलफॅन पुढच्या भोकापाशी, असं करून पोट सुकवलं.

मग गळतं शोधायला मी पुढच्या भोकातून हात आत घातला. खांदा होडीला टेकला, गाल फायबरवर, दिसत काही नाही, नुसती बोटं फिरवायची. नाकाच्या खालच्या बाजूला आतून मॅट तडकलेली लागली. आणखी पुढे सरकलो आणि काहीतरी बोटात घुसलं. आई गं! हात बाहेर काढला तर रक्त. पुन्हा घातला, हळू. एक टोक. शेजारी दुसरं. त्याच्या शेजारी तिसरं. खिळ्यांची टोकं होती ती, गंजलेली, आणि प्रत्येकाभोवती फायबर चिरलेलं.

बाहेरून तिथे नुसता पांढरा रंग. नखाने खरवडला तर खाली एमसील. एमसील खरवडलं तर खिळ्यांची तुटकी डोकी. एकेक करत सगळी उघडी केली. रांग सरळ नव्हती. अर्धगोल होती. मी ती रांग बघत राहिलो, मग मान वर करून माझ्या शटरच्या पट्टीकडे बघितलं. तिथे तीच रांग होती.

साडू चहाचे दोन ग्लास घेऊन स्टँडकडून येत होता. मी म्हटलं, "ही काय भानगड आहे?"

त्याने ग्लास खाली ठेवले.

"मामांची नाल होती ना इथे?"

"होती."

"मामांकडे दुसरी नाल होती?"

"होती ना. घोडीच्या दोनच ठेवल्या होत्या त्यांनी, ट्रंकेत."

"आणि ती तुला दिली."

आता हा मान खाली घालेल, असं मला वाटलं. उलट तोच भडकला. इतक्या वर्षांत मी त्याला भडकलेला कधी पाहिला नव्हता. "मग काय, तुमी एकटेच जावई हाय का? तुमच्या दुकानावर स्वतः चढून मारली, गावभर सांगत फिरले. मोठे जावई दुकानदार, मोठे जावई कारागीर. मला काय दिलं? कुऱ्हाड! लाकडं फोडायला. तुमी आलात की खुर्ची, पंखा, तुमी-तुमी. मी गेलो की, ए, इकडं ये रे. गडी हाय मी त्या घरचा. दोन वर्षं मागं लागलो तेव्हा कुठं ती नाल काढून दिली. घर माझं नाय, शेठचं हाय. ठोकू कुठं? दसऱ्याला होडीची पूजा केली आणि होडीला ठोकली."

"मग काढलीस कशाला?"

"हिनं सांगितलं. म्हणाली, भावोजींनी बघितली तर उगाच त्यांच्या पोटात दुखेल."

मी स्टुलावर बसलो. पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. कोणीतरी माझ्यावर जळतं, इतकी वर्षं जळतं, आणि माझ्या त्या कंटाळवाण्या "तुमी"वर जळतं! चहा गोड लागला. मग दुसरं आठवलं, की नाल एकच नव्हती, आणि गोडी गेली.

"अरे शहाण्या," मी ओरडलो, "फायबरला हातोड्याने खिळे मारतात का? ती काय घराची चौकट आहे? एकेका घावाला आतून तडा गेलाय. दसऱ्यापासून त्यातून पाणी झिरपतंय. मामांना घेऊन तू मधोमध गेला असतास म्हणजे?"

त्याचा राग जागच्या जागी उतरला. "मला काय म्हाईत," तो पुटपुटला. "नजर लागू नये म्हणून ठोकली."

खिळे उपटून काढले. आतून मॅटचे तीन थर दिले, पुढच्या भोकातून हात घालून, आंधळ्यासारखे, बोटांनी बुडबुडे दाबत. तो बाहेरून टॉर्च धरून उभा. बाहेरूनही मॅट लावली, घासली, रंग दिला. भोकांच्या कापलेल्या कडांना रेझिन पाजलं, झाकणांचे गळे चिकटवले आणि झाकणं फिरवून बंद केली. पुन्हा रुपयाने ठोकलं. नाकापासून शेपटापर्यंत टणटण. ती होडी दोघांनी उचलून टेम्पोत ठेवली. मला इतकं चांगलं काम पुन्हा जमलं नाही, आणि ते त्याच्या होडीवर केलं.

मृग दोन दिवसांवर आला होता तेव्हा आम्ही पाण्यावर गेलो. मामा धुतलेलं धोतर, टोपी आणि एक पिशवी घेऊन आलेले. होडीजवळ येऊन त्यांनी झाकणावर हात फिरवला.

"टाकीची झाकनं का ही?"

"हो, मामा."

"पानी ठेवायला?"

"बाहेर ठेवायला."

ते हसले. मग साडूला म्हणाले, "ती नाल आनलीस का रे?" त्याने पँटच्या खिशातून नाल काढून दिली. त्यांनी ती पिशवीत टाकली. म्हणजे पुन्हा त्यालाच देणार, घरी जाऊन नीट ठोकून देणार. माझं तोंड कडू झालं. काम मी करायचं आणि नाल याला!

मला न्यायचं ठरलं नव्हतं. साडूच म्हणाला, "दादा, तुमी बी बसा. वारा एका अंगानं ढकलतो, दुसऱ्या अंगाला वजन लागतं."

"म्हणजे मी गोणी?"

"चांगली भरलेली," तो म्हणाला, आणि मामा पुन्हा हसले. मी बसलो. शीड वर गेलं, होडी कलली, आणि मी मागे रेलून माझ्या वजनाने तिला सरळ धरलं. दर थोड्या वेळाने झाकण फिरवून हात आत घालत होतो. आत कोरडं होतं. काठ पाण्याच्या हातभर वर होता.

उंचवटा म्हणजे सुकलेला, भेगाळलेला चिखल आणि मधून मधून घरांच्या जोत्यांचे दगड. आम्ही दोघांनी मामांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. मला वाटलं होतं ते घर दाखवतील. देवळाची जागा, विहीर, काहीतरी सांगतील. ते एका जोत्यापाशी थांबले, टोपी काढली आणि मागच्या बाजूला चालू लागले. काठी टेकत, घाईने, जणू कोणी ताटकळलंय. तिथे फणसाचं एक काळं पडलेलं खोड होतं. त्याच्या बुंध्याशी ते बसले, त्या गुडघ्यांनी, कोणाचा हात न घेता.

"थोरला इथं हाय," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"तुमच्या बायकांच्या आदीचा. बाराव्याला बारसं होतं, त्याच्या आदीच गेला. नाव बी ठेवलं नव्हतं. मी हातांनी पुरला. मग पानी आलं." त्यांनी चिखलावर तळहात ठेवला. "तुमच्या सासूला वाटतं मी इसरलो. ती बी बोलत नाय, मी बी बोलत नाय."

त्यांनी पिशवीतून नाल काढली. काठीच्या टोकाने चिखल उकरला. साडू पुढे झाला तर त्याला हाताने थांबवलं. खड्डा झाला तशी नाल त्यात ठेवली आणि वर माती दाबली.

"दोघांना येकेक दिली. ह्याला काय दिलंच नव्हतं मी." मग खाली वाकून, आम्ही तिथे नाहीच अशा आवाजात म्हणाले, "घे रे. तुझी हाय."

तो "रे" मी कधी ऐकला नव्हता. साडूला म्हणायचे तोही हा नव्हता. मी उन्हात उभा राहून ज्याचं वयही झालं नाही, नावही झालं नाही, त्या पोराचा हेवा करत होतो. सगळं आयुष्य पाण्याखाली काढून तो पहिल्या नंबरावर होता. बाजूला बघितलं तर साडूचं तोंडही माझ्यासारखंच झालेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि दोघांनीही मान दुसरीकडे वळवली.

मामांना उठता येईना. आम्ही दोघांनी त्यांना बगलेत धरून उठवलं आणि होडीपर्यंत आणलं.